या हरणांनो, जेवायला!

नोव्हेंबरची १५ तारीख. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं एक ऑफिस. लातूरचा माझा एक मित्र तिथे टेस्टिंगमध्ये आहे. पहिल्या वर्षी तो नेहमीसारखा डबा घेऊन वेळेवर पोचला, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या! मॅनेजर गायब, मॅनेजरचा मॅनेजर गायब. थँक्सगिव्हिंगला अजून अवकाश होता. चौकशी केल्यावर कळलं, मंडळी हरणं मारायला गेलीत. दरवर्षी १५ ते ३० नोव्हेंबर हा तिथे बंदुकीने हरणांची शिकार करायचा अधिकृत सीझन. लायसन्स काढायचं, केशरी जाकीट चढवायचं आणि निघायचं. आपल्याकडे गणपतीला कोकणातली पोरं जशी रजा टाकतात, अगदी तसंच.

पण मला मजा वाटली ती पुढच्या गोष्टीची. ही शिकार म्हणजे नुसतं जंगलात भटकणं नाही. तिची तयारी मे-जूनपासून सुरू होते आणि ती तयारी आहे चक्क शेतीची. तिकडे याला म्हणतात 'फूड प्लॉट'. आपल्या मालकीच्या रानात अर्धा-एक एकराचा तुकडा साफ करायचा. माती तपासून घ्यायची, आम्लता जास्त असेल तर चुना टाकायचा आणि मग पेरायचं. क्लोव्हर (आपल्या बरसीमचा भाऊबंद), चिकोरी, ओट, सोयाबीन, सलगम. सलगमाचा पाला म्हणे थंडीचा कडाका पडला की गोड होतो आणि मग हरणं त्यावर तुटून पडतात. हे पीक कापायचं नाही, विकायचं नाही. ते हरणांसाठीच. कोपऱ्यात झाडावर माचा बांधायचा, कोणत्या बाजूने वारा येतो ते बघायचं, झुडपात कॅमेरा लावून कोणता नर किती वाजता जेवायला येतो याचा हिशोब ठेवायचा. आणि सीझन उघडला की माच्यावर जाऊन बसायचं.

म्हणजे पाहुण्याला सहा महिने जेवू घालायचं आणि सातव्या महिन्यात... असो.

ही काही हौशी मंडळींची लुटुपुटूची बागकाम-स्पर्धा नाही. अलाबामातल्या रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने १९८८ मध्ये 'व्हाइटटेल इन्स्टिट्यूट' ही कंपनी काढली आणि खास हरणांसाठीचं क्लोव्हर बियाणं पाकिटात भरून विकायला सुरुवात केली. आज बियाणं, खत, छोटी ट्रॅक्टर-अवजारं, कॅमेरे असा त्याचा आख्खा बाजार आहे. नाक मुरडण्याआधी दुसरी बाजूही ऐका. १९०० च्या सुमाराला अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची ही हरणं संपत आली होती, जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. मधल्या काळात कडक नियम आले, सीझन ठरले. १९३७ च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर थेट वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. शिकारी पैसे भरतो, त्यातून जंगल सांभाळलं जातं, हा तिकडचा फंडा. पटो न पटो, हिशोब सरळ आहे.

आणि हे वाचून तुम्ही खुर्चीतून उठाल : टेक्सासमध्ये आपलं काळवीट आहे! १९३२ मध्ये ते तिथे नेऊन सोडलं गेलं आणि आता खासगी रँचवर हजारोंनी नांदतंय. टायमर लावलेल्या डब्यातून मक्याचे दाणे पडतात, काळविटं जमतात आणि पैसे मोजलेला पाहुणा नेम धरतो. सगळं कायदेशीर. १९७० च्या दशकात पाकिस्तानला लाल सुहान्राच्या पार्कात काळविटं हवी होती, तर ती टेक्सासहून मागवली! सिंधूच्या खोऱ्यातला प्राणी अमेरिकेहून परत. याला म्हणतात ग्लोबलायझेशन.

मामांचा फूड प्लॉट

हे सगळं मित्राने मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्या मामांना फोन. धाराशिव जिल्ह्यात, येडशीवरून कळंबकडे जाताना आतल्या बाजूला त्यांचं शेत आहे. (धाराशिव म्हणजे आपलं उस्मानाबाद. केंद्राची मान्यता मिळून २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृत बदललं. मामांच्या बोलण्यात मात्र ते पहिल्यापासून धाराशिवच होतं.) मी म्हटलं, मामा, अमेरिकेत लोक हरणांसाठी मुद्दाम पेरतात. पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "मग आम्ही काय येगळं करायलोत?"

डिसेंबरात मी जाऊन बघून आले. मामांचा चार एकर हरभरा. एकरी २५-३० किलो बी टाकून, रात्रीच्या लायटीवर पाणी देऊन आणलेला. बांधाच्या बाजूचे सात-आठ तास पार जमिनीलगत साफ. जणू कुणी मशीन फिरवलंय. मधेमधे काळ्याभोर मातीत खुरांचे ठसे आणि एका जागी लेंड्यांचा मोठा ढीग. काळवीट नर आपली हद्द दाखवायला ठरावीक जागीच असा ढीग घालतो. म्हणजे मामांच्या हरभऱ्यावर कुणीतरी सातबारा चढवून घेतलाच होता.

गंमत म्हणजे हरभऱ्याचा शेंडा खुडणं ही मुळात चांगली गोष्ट. आजीच्या काळापासून बायका शेंडे खुडून आणतात, त्याची भाजी होते आणि रोपाला फुटवेही जास्त येतात. पानांवरच्या आंबेमुळे भाजीला ती खास आंबट चव. पण बाई खुडते ती बोटांनी, मोजून. पंचवीस-तीस हरणांचा कळप एका रात्रीत येऊन खुडतो तेव्हा रोपाला शेंडा आणि बुडखा यातला फरक राहत नाही. खरिपात हीच कथा सोयाबीनची. उगवण होऊन दोन पानं दिसली की हरणं हजर. दुबार पेरणी करायची, तर बियाण्याची दुसरी बॅग उधारीवर. वर पावसाचा भरवसा नाही.

आता तुम्ही म्हणाल, या हरणांना जंगलात जाऊन खायला काय झालं? तर मुद्दा असा की काळवीट हा जंगलातला प्राणी नाहीच. तो माळाचा. उघडं, गवताळ, दूरवर दिसणारं रान हे त्याचं घर. पळण्यावर त्याची मदार, ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग, आणि पळायला मोकळी जागा हवी. धाराशिव, सोलापूर, बीड, अहिल्यानगर या सगळ्या पट्ट्यात असे माळ होते. सरकारी कागदांवर त्यांची नोंद 'पडीक' अशी. पडीक म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांत भरतं. काही नांगराखाली गेले, काहींवर झाडं लावून 'वनीकरण' झालं, काहींवर प्लॉटिंग. जंगलाच्या बाबतीत धाराशिव राज्यातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत मोडतो हे आपण ऐकून असतो. गवताच्या बाबतीत तो किती गरीब झाला याची बातमी होत नाही. माळ गेला, हरभरा आला. हरणाच्या दृष्टीने मेनू फक्त बदलला, आणि खरं सांगायचं तर सुधारला.

आमिष म्हणजे शिकारच

मग मामांनी मिशिगनवाल्यांसारखं माच्यावर बसायला काय हरकत आहे? हरकत ही : वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२. काळवीट यातल्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीला. आणि या कायद्याचं कलम २ मधलं १६ वं उपकलम एकदा वाचाच. 'शिकार' म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. पकडणं, पाठलाग करणं, फासा लावणं, सापळा लावणं, हाकारा करणं आणि आमिष दाखवणं हे सगळं शिकारीतच मोडतं, नुसता प्रयत्नसुद्धा. म्हणजे हरीण यावं आणि मारता यावं म्हणून कुणी अर्धा एकर पेरला, तर बंदूक बाहेर निघण्याआधीच गुन्हा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मक्याचा ढीग टाकणं बेकायदा पण फूड प्लॉट कायदेशीर, अशी बारीक रेघ आहे. आपल्याकडे अशी रेघच नाही.

शिक्षा? किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. सलमान खानची केस आठवतेय ना? 'हम साथ साथ हैं'च्या शूटिंगच्या वेळी, १९९८ मधलं प्रकरण. जोधपूरच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली २०१८ मध्ये. त्यावर त्याने अपील केलं. वीस वर्षं चाललेल्या त्या केसमुळे काळवीट हा शब्द आपल्या पिढीला पाठ झाला, पण तो प्राणी कुणाच्या शेतात जेवतो हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१५ मध्ये थोडी ढील मिळाली. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याची परवानगी काढून त्यांना मारता येतं, निदान कागदावर. काळविटाच्या बाबतीत तेही नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल, तरच तशी परवानगी देता येते. हरभरा खाणं हे त्यात बसत नाही. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी आधी अर्ज, मग वनखात्याचा माणूस, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा. तिघांना एका दिवशी एका बांधावर उभं करणं म्हणजे काय असतं, हे ज्याने आपल्या सोसायटीत तीन फ्लॅटवाल्यांची मीटिंग जमवलीय त्याला कळेल.

फासे, चित्ते आणि कुरणं

तसं पाहिलं तर हरणाला खायला घालून किंवा खाताना गाठून मारायची कला आपल्याला नवी नाही. फासेपारधी समाजाचं नावच फाशांवरून पडलं. शिकवलेल्या गाई-बैलाच्या आडोशाने चालत कळपाच्या जवळ जायचं, हरणांच्या वाटेवर ओळीने फास मांडायचे, ही त्यांची जुनी पद्धत. हरीण गुराला बुजत नाही, माणसाला बुजतं, एवढ्या एका निरीक्षणावर उभं राहिलेलं हे तंत्र. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या कितीतरी जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारायची वाट उघडली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शिक्का मात्र अजून पुसला जात नाही. माळही गेला आणि शिकारही बंद. शिकार बंद व्हायलाच हवी होती, पण ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांना पर्याय काय दिला, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांवर आजही उभा आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी त्यांना कामावर घेतलं, घरं दिली. हा अपवादच.

त्याच कोल्हापूर संस्थानात काळविटावर चित्ते सोडले जायचे. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणून पाळलेले असत. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी, त्याला गाडीतून माळावर न्यायचं आणि कळप दिसला की पट्टी काढायची. या शौकासाठी कुरणं राखून ठेवली जायची. गवत वाढलं की हरणं, हरणं आली की शिकार. म्हणजे राजेशाही फूड प्लॉटच की! पण त्यामुळे माळ शाबूत राहिले, हेही खरं.

आज हेच काम सरकार करतं, फक्त बंदूक वगळून. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पाबाहेर नेली गेली आणि त्यांच्या जुन्या शेतांत कुरणं तयार केली गेली. ताडोब्यातही तेच. तण काढायचं, पवन्या, मारवेलसारखी चाऱ्याची गवतं वाढवायची. चिखलदऱ्याच्या कॉलेजातले गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी या कामात आयुष्य घातलंय. चितळ-सांबर कुरणावर येतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. सफारीत जिप्सी ज्या मोकळ्या मैदानाशी थांबते आणि आपण मोबाइल वर काढतो, ते मैदान बऱ्याचदा असं हाताने राखलेलं असतं.

माळासाठीही थोडंफार झालंय. कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये खास काळविटासाठी झालं. क्षेत्र किती, तर सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकसाठी राखलं, तिथे काळविटं वाढली. सांगलीत धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून बोडक्या डोंगरावर सागरेश्वर उभं राहिलं, त्यात हरणं सोडली गेली. आणि मग ती कुंपणाबाहेर पडून आसपासच्या पिकांत जाऊ लागली. कुंपणाच्या आत कौतुक, बाहेर शिव्या; प्राणी तोच. पुणेकरांसाठी २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर सफारी सुरू झाली. चिंकारा, लांडगा, खोकड बघायला लोक पैसे देऊ लागले. मामांच्या शेतात मात्र फुकट दर्शन, आणि बिल मामांच्या नावावर!

एमएच बारा

मामांकडे दुसऱ्या रात्री मी जागलीला गेले. चार बाजूंना जुन्या साड्या बांधलेल्या, मामीच्या लग्नातली जांभळीसुद्धा. बॅटरीवर चालणारा भोंगा, त्यात मामांचाच "हाऽऽड, हो हो हो" असा रेकॉर्ड केलेला आवाज दर पाच मिनिटांनी. पहिला आठवडा हरणं घाबरली. आता भोंग्याजवळच चरतात. साडेतीनच्या सुमाराला बॅटरीच्या झोतात एकदम वीसेक डोळे चमकले, हिरवट. एक क्षण मी सगळं विसरले. इतकं सुंदर काही मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मामा गोफण फिरवत होते.

चहाला त्यांनी जे सांगितलं ते मात्र मला अजून टोचतंय. मागच्या हिवाळ्यात एक मोठी गाडी बांधाला येऊन थांबली. चार तरुण, चांगले शिकलेले, इंग्रजी झाडणारे. पासिंग एमएच बारा, म्हणजे पुणेच. हरभरा कुठे आहे, हरणं किती वाजता येतात, विचारपूस. मग सरळ मुद्द्याला. एक रात्र बसू द्या, पाच हजार देतो, तुमचंही नुकसान वाचेल. मामांनी विचार करून सांगतो म्हटलं.

"खोटं कशाला बोलू," मामा म्हणाले, "दोन रात्री झोप न्हाई लागली. दुकानदाराचं बियाण्याचं देणं होतं." मी विचारलं, मग? "मग काय. शेत माझं, सातबारा माझा. ते मटण घेऊन गाडीत बसून जाणार. उद्या कातडं न् शिंगं घावली तर फॉरेस्टवाले कुणाच्या दारात येतील?" तिसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी नाही म्हणून सांगितलं. फोनवरचा मुलगा म्हणाला, ठीक आहे काका, दुसरं शेत बघतो.

दुसरं शेत. ते मिळालं का, हे मामांना माहीत नाही. त्या पोरांनी काही पेरलं नव्हतं. त्यांच्यासाठी अख्खा तालुका पेरून तयार होता. सोमवारी ते कुठल्यातरी एसी ऑफिसात, कदाचित तुमच्या बाजूच्या क्युबिकलमध्ये बसले असतील आणि 'वीकएंड कसा गेला' विचारल्यावर 'गावाकडे गेलो होतो' म्हणाले असतील.

याहून वाईट प्रकार म्हणजे तार. काही जण वैतागून कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडतात. हरीण मरतं, डुक्कर मरतं आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. अशी बातमी महाराष्ट्रातल्या पेपरांत दरवर्षी कुठून ना कुठून येते. सोलरवरचं झटका मशीन वेगळं. त्यात करंट क्षणभरच बसतो, जनावर बिचकतं, मरत नाही. मामांना ते घ्यायचंय. पण चार एकरांना तार, खांब, मशीन, बॅटरी असा हिशोब केला की ते वही मिटतात.

मधेच एक नवा पाहुणाही येऊन गेलाय. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात चक्क वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे ५०० किलोमीटर चालत! अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. त्याला पकडून हलवायला पथकं आली, त्याने त्यांना झुलवलं. मामांचं मत : डुकरं, हरणं खाणार असेल तर राहू दे, पण गोठ्याकडे बघू नये.

निघायच्या दिवशी मी मामांना विचारलं, अर्धा एकर हरणांसाठीच सोडला तर? बांधाकडेला चारा पेरायचा, ती तिथेच पोट भरतील, आतलं पीक वाचेल. मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "पाहुण्याला ओसरीवर वाढलं म्हणून तो सैपाकघरात डोकावत न्हाई व्हय? आन् आज पंचवीस येत्यात, उद्या गावभर सांगून पन्नास येतील." मिशिगनचा सगळा अनुभव मामांनी दोन वाक्यांत सांगितला. तिकडे प्लॉट लावतात तेच मुळी हरणं वाढावीत आणि पुन्हा पुन्हा यावीत म्हणून.

त्यांनी या वर्षी वाडवडिलांचाच उपाय केलाय. हरभऱ्याच्या चारी बाजूंनी करडईची पाच-पाच तासं. करडईला काटे आले की जनावर आत शिरायला कचरतं. अडचण एकच, काटे यायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर कोवळी करडईसुद्धा हरणांना गोडच लागते. मी गेले तेव्हा उत्तरेकडची दोन तासं खाऊन झाली होती. उरलेल्या तीन तासांना काटे फुटायला अजून बारा-पंधरा दिवस होते, आणि तोवर मामा रोज रात्री नऊला जेवून, बॅटरी आणि घोंगडी घेऊन शेताकडे जात होते.